पाव्हण्याच्या बरगड्या

प्रतिभानं चुलीतली राख पाटीत भरली आणि पडवीत आणून ओतली. खाली पुन्हा तेच. पातळ, पिवळं, आणि वास असा की नाकाला पदर लावला तरी पदरातून आत येणारा. कुत्रा दोरी पुरेल तितका लांब जाऊन भिंतीला चिकटून उभा होता. मान खाली. त्या मान खाली घालण्यातच असं काही होतं की त्याला शिवी द्यायचं तिच्या जिवावर यायचं, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

"बघतोस काय माझ्याकडं? सरक तिकडं."

तो सरकला. लांबलचक पाय, चिंचोळं तोंड, पाठीला कमान, आणि दोन्ही बाजूंना बरगड्या अशा उठून दिसणाऱ्या की वाटेनं जाणाऱ्यानंही मोजाव्यात. शर्यतीचा ग्रेहाउंड होता तो. दौंडच्या अयुबनं पाळलेला. माळावरच्या एका शर्यतीत त्याचा मागचा पाय मुरगळला तो पुन्हा नीट बसलाच नाही. अयुब आणि प्रतिभाचा नवरा हनुमंत कुरकुंभच्या एकाच कंपनीत कामाला. पळता न येणारा कुत्रा अयुबला ठेवून घेणं जमत नव्हतं, आणि धनगराच्या दारात कुत्रं नाही ही गोष्ट हनुमंतला खुपत होती. दोघांनी मिळून त्याला टेम्पोत घातलं आणि भांडगावला आणून सोडलं. प्रतिभाला कुणी विचारलं नाही. राख टाकायला कोण आहे हे मात्र दोघांनाही ठाऊक होतं.

आला तसं त्याचं पोट बिघडलं. नवी जागा, नवं पाणी, बसेल हळूहळू, असं सगळे म्हणाले. बसलं नाही. यवतच्या जनावरांच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, साधा मऊ भात सोडून दुसरं काही घालू नका म्हणून बजावलं. आधी प्रतिभानं ते तंतोतंत पाळलं. गुण येईना तेव्हा डाळिंबाची साल उकळून पाजली. शेजारच्या धुरपदानं सांगितलं म्हणून भातात ताकही कालवलं. कुत्रा सगळं निमूट गिळायचा आणि सकाळी पडवीत हिशेब चुकता करून ठेवायचा. कांद्याच्या लागणीचे दिवस. दिवसभर वाफ्यात वाकायचं, संध्याकाळी गाय, रात्री भाकरी, आणि उजाडताच ही पाटीभर राख. कंबर आपली आहे की दुसऱ्याची, हेच तिला कळेनासं झालं होतं.

"परत द्या ह्याला," ती हनुमंतला म्हणाली. तो कंपनीच्या गाडीसाठी बूट घालत होता.

"आगं, आये जेवाय लागलीय त्याच्यापायी. तुलाच ठावं हाय की."

ते खरं होतं. सासरे गेले आषाढात. भैरूआबा. तेव्हापासून सासूनं, अनसाबाईनं, अन्नावरची वासनाच सोडली होती. पुढ्यातलं ताट अर्ध्याच्या वर तसंच परत यायचं. हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत चढायला लागलं. गावातल्या डॉक्टरनं हनुमंतला बाजूला घेऊन सांगितलं, रोग काही नाही, पण म्हातारी अशीच राहिली तर उन्हाळा काढायची नाही. प्रतिभाला त्या रात्री झोप आली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरीसुद्धा धड थापता येत नव्हती, आणि या बाईनं तिच्या करपलेल्या भाकऱ्या चुलीपाशी बसून स्वतः खाल्ल्या होत्या, घरात कुणाला दिसू नयेत म्हणून. असली गोष्ट माणूस विसरत नाही.

आणि मग हा कुत्रा आला. दुसऱ्याच दिवशी अनसाबाई म्हणाली, माझं ताट पडवीतच दे, ह्या पाव्हण्यासंगं बसते. ताट लख्ख होऊन परत आलं. रात्रीचंही. प्रतिभाला इतका आनंद झाला की तिनं ताटात आणखी भर घातली. गायीचं दूध डेअरीला कमी घातलं. खारीक-खोबरं कुटून डिंकाचे लाडू केले, साजूक तुपातला शिरा केला. ताटं लख्ख येतच राहिली. म्हणून ती राख टाकत राहिली.

रविवारी अयुब आला. सोबत अंडी आणि कुत्र्यासाठी नवा पट्टा. पडवीत उकिडवा बसून त्यानं कुत्र्याचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, कान हुंगले. कुत्र्यानं त्याच्या खांद्यावर तोंड टाकलं.

"वहिनी, ह्याला एक दिस उपाशीच ठेवा. पोट रिकामं होऊ द्या. मग भात."

अनसाबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं एकदम मान वर केली.

"उपाशी? माझ्या दारात जनावर उपाशी ठेवायचं?"

"मावशी, औषध म्हनून सांगतोय."

"तूच ठिवला व्हतास उपाशी. बरगड्या बघ त्याच्या. असं कुत्रं आमच्या वाड्यावर आसतं, तर माझ्या मालकानं त्याच्या धन्याला मेंढरांत उभा केला नसता."

वाडा म्हणजे त्यांचा मेंढरांचा तळ. भीमेच्या काठानं, वडगाव रासाईपासून खाली, जिथं रात्र होईल तिथं. मेंढरं कधीच विकली गेली होती, पण अनसाबाई अजून तिथूनच बोलायची.

अयुब हसला. "मावशी, ह्या जातीच्या बरगड्या दिसायच्याच. भरलेल्या पोटी बी दिसायच्या. न्हाई दिसल्या तर त्यो पळंल कसा?"

"आता कुठं पळायचंय त्याला?"

अयुबचं हसू ओसरलं. त्यानं कुत्र्याचा मागचा पाय हातात घेतला, थोडा वेळ चोळला आणि उठला. जाताना दाराशी हळूच प्रतिभाला म्हणाला, "तुमचे लई हाल चाललेत, दिसतंय मला. पुढच्या रविवारपातूर पोट बसलं न्हाई तर मी घिऊन जातो. बघतो कुठं सोय."

कुठं सोय बघणार, हे त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पण त्या रात्री भात कालवताना तिचा हात जड झाला. कुत्रा गेला की पडवी स्वच्छ होईल आणि ताटं पुन्हा भरलेली परत येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख लोटताना तिला त्या घाणीत काहीतरी पांढरं दिसलं. तिनं काडीनं उकरलं. खोबऱ्याचा तुकडा होता. शेजारी खारकेचा. आणि सगळ्यावर तुपाची तकाकी.

ती काडी हातात धरून तशीच बसून राहिली. मग राख ओतली, लोटून टाकली, हात धुतले आणि भाकरी बांधून कांद्याच्या रानात गेली. जाताना सासूला दूध-भाकरी आणि दोन लाडू वाढून ठेवायला विसरली नाही.

बांधापर्यंत गेली आणि मागं फिरली. गोठ्याच्या बाजूनं आली. पडवीच्या कुडाला फट होती.

अनसाबाईनं ताट मांडीशी ओढलं होतं. भाकरी दुधात कुस्करून तिनं एकेक घास कुत्र्यापुढं धरला. घाई नव्हती. घास देताना ती त्याच्याशी बोलत होती, वाड्यावरच्या कुठल्या तरी जुन्या कुत्र्याबद्दल. लाडू फोडून दिले. शेवटी ताट त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं चाटून स्वच्छ केलं. मग म्हातारीनं ते तांब्यातल्या पाण्यानं विसळलं, ते पाणी ओंजळीत घेतलं आणि पिऊन टाकलं.

प्रतिभा कुडाला वळसा घालून आत आली.

"आत्या!"

म्हातारी दचकली. कुत्रा उभा राहिला.

"एवढे दिवस? एवढे दिवस ह्योच समदं खातोय? मी ह्याची घाण काढतीय, का तर तुम्ही जेवताय म्हनून. कंबर मोडली माझी. आन् तुम्ही..." ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. आबा गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. तेव्हा पाहुण्यारावळ्यांचा स्वयंपाक होता.

अनसाबाईनं हात लांब करून प्रतिभाच्या पाठीवर ठेवला. त्या हाताला वजनच नव्हतं.

"मी मुद्दाम न्हाई केलं पोरी. सुरवातीला वाटलं, आधी ह्याचं हू दे, मंग आपुन खाऊ. वाड्यावर तसंच व्हतं. कुत्र्याचं पोट भरल्याबिगर घास घ्यायचा न्हाई. त्यो रातभर जागतो. तुझा सासरा कुत्र्याच्या कुशीला हात लावून बघायचा, भरलंय का, आन् मंग म्हनायचा, वाढ आता." तिनं कुत्र्याकडं पाहिलं. "ह्याचं भरतच न्हाई. कवा बी बघावं तर बरगड्या. म्या कसं खावं ह्याच्या म्होरं?"

"अयुबभाऊंनी सांगितलं की, ती जातच तशी हाय."

"सांगितलं. ऐकलं म्या." म्हातारी थकून म्हणाली. "पर डोळ्यांला दिसतंय त्याचं काय करू?"

ते उत्तर ऐकून प्रतिभाचा सगळा राग निघून गेला. उरला तो नुसता शिणवटा. उपाशी राहायचं म्हणून म्हातारी उपाशी राहत नव्हती. तिला जेवायची परवानगी देणारं माणूस उरलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी कांदा तसाच राहिला. प्रतिभानं घरात जाऊन खुंटीवरचं घोंगडं काढलं. आबांचं. काळं, जाडजूड, अजून मेंढरांचा वास असलेलं. ते गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तिनं ते जमिनीवर पसरलं, कुत्र्याला आणून त्यावर उभं केलं, कोळशानं खुणा केल्या, आणि कात्री हातात घेतल्यावर मात्र थोडी थांबली. हनुमंत घरी असता तर त्यानं हात धरला असता. मग तिनं कापलं. घोंगडं सहज कापलं जात नाही. कात्रीला दोन्ही हात लावावे लागले. दाभणानं शिवता शिवता बोटाला दोनदा टोचलं.

संध्याकाळी हनुमंत आला. पडवीत पाय ठेवला आणि तिथंच थबकला. कुत्र्याच्या अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत काळी झूल होती, पोटाखाली दोन बंदांनी बांधलेली.

"हे... आबांचं..."

"थंडी वाजत व्हती त्याला," प्रतिभा म्हणाली.

तिच्या चेहऱ्याकडं पाहून तो हातपाय धुवायला गेला.

तिनं दोन ताटं आणली. एकात कुत्र्यासाठी मऊ भात, नुसता. दुसऱ्यात सासूसाठी तोच भात, वर थोडं वरण. तूप नाही, लाडू नाही. दोन्ही पडवीत ठेवली आणि तीही तिथंच बसली. कुत्र्यानं भात संपवला, जीभ फिरवली आणि अनसाबाईच्या ताटाकडं पाहिलं. नवीन अंगरख्यात तो खरोखरच गुटगुटीत दिसत होता. गावातल्या एखाद्या खात्यापित्या घरचा.

अनसाबाई त्याच्याकडं पाहत राहिली. घोंगड्याची कड तिनं चिमटीत धरली, कुठली आहे ते ओळखलं. प्रतिभाला वाटलं, म्हातारी ओरडेल, रडेल, घोंगडं सोडवून घेईल, काहीही करेल.

म्हातारीनं हात घोंगड्याखाली सरकवला. कुशीवर ठेवला. मग हळूहळू वर नेला. बोटं एका बरगडीवरून दुसरीवर गेली, तिथून तिसरीवर. कुत्रा हलला नाही. तिनं मान वळवून सुनेकडं पाहिलं. प्रतिभानं नजर खाली घातली. बोटावर दाभण टोचल्याच्या खुणा अजून लाल होत्या, त्या अनसाबाईला दिसल्या असणार.

"भरलंय गं ह्याचं," अनसाबाई म्हणाली.

हात बाहेर काढून तिनं लुगड्याला पुसला. ताट जवळ ओढलं. भात कालवला, घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

प्रतिभा मीठ आणायला आत गेली. बरणी समोरच होती, पण ती तिला लवकर दिसली नाही.