पडलेल्या यानाची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी, साठ मिनिटांची कॅसेट आहे. जुनी म्हणा, हरकत नाही. 'बिचारी' मात्र म्हणू नका. मला पुसून टाकायला माणसे तीनदा निघाली होती, आणि मी तिन्ही वेळा पुरून उरले आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवते ते सोलापुरातले, नवी पेठेतले दुकान. सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटी पुढे मांडलेल्या आणि आम्ही कोऱ्या मागे, धुळीत. एके दिवशी सांगोल्याकडचा येडूबा नावाचा मेंढपाळ लोकर विकून तिथे आला. दुकानदाराने गाणी पुढे केली, तर म्हणाला, "गाणी नगंत. कोरी द्या. आभाळात यान सोडत्यात न्हवं, त्ये भरून ठिवायचंय." दुकानदार हसला. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

येडूबाकडे स्वतःचा रेडिओ होता आणि मेव्हण्याकडून मागून आणलेला टेप. यान सुटायच्या दिवशी त्याने बाभळीखाली दोघांना समोरासमोर ठेवले आणि बटण दाबले. टेपच्या पोटातच माइक होता. त्यामुळे रेडिओबरोबर मेंढरांचे ओरडणे, कुत्र्याचे भुंकणे आणि त्याची बायको मायाक्का हिच्या बांगड्याही माझ्या फितीवर आल्या. उलटी मोजणी झाली. यान उडाले. येडूबा ओरडला, "गेलं, गेलं!" थोड्याच वेळात रेडिओवरचा आवाज पडला. यान समुद्रात कोसळले होते.

बटण बंद करायचे राहून गेल्याने पुढे दोघे जे बोलले तेही माझ्यात भरले गेले. मग येडूबाने माझ्या पाठीवरच्या प्लॅस्टिकच्या दोन्ही चकत्या मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही. मी निर्धास्त झाले.

येडूबाची एक रीत होती, ती सांगायलाच हवी. रोज सांजेला मेंढरे जाळीच्या कुंपणात शिरताना तो एकेक मोजायचा. बेचाळीस होती. एखादे मागे राहिले आणि मोजणी एक्केचाळीसवर थांबली, तरी तो मोठ्याने "बेचाळीस" म्हणायचाच. मग काठी उचलून शोधायला निघायचा. कुंपणाचे तोंड तोवर उघडेच.

काही वर्षांनी त्याच्या मुलाचे, जोतिरामचे लग्न ठरले. त्याला वरातीचा बँड भरून ठेवायचा होता. त्याने माझ्या पाठीवरच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि मला टेपमध्ये ढकलले. मी काय गप्प बसणार होते? फीत सैल सोडली आणि चाकांत असा गुंता केला की यंत्र कण्हून बंद पडले. जोतिरामने हिसका दिला. मी तुटले. लई दुखले, पण पुसली गेले नाही.

"टाकून द्या ती," जोतिराम म्हणाला. मायाक्काने मला ओच्यात घेतले. लोकर कातणारी तिची बोटे. तिने सगळा गुंता बसल्या जागी सोडवला आणि त्याच चिकटपट्टीने मला सांधले. चुरगळलेला दोन बोटे लांबीचा फितीचा तुकडा मात्र कापून टाकावा लागला. उलट्या मोजणीतला 'सात' त्या तुकड्याबरोबर गेला.

नंतर कॅसेटींचे दिवसच सरले. येडूबाही गेला. मी पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत पडून राहिले. त्याचा आवाज माझ्यात होता आणि ऐकायला कोणी नव्हते. तेव्हा मात्र मी खचले होते, खोटे कशाला बोलू?

मला बाहेर काढले ते जोतिरामच्या मुलीने, प्रियदर्शनीने. ती अंतराळ-संशोधनावर अल्बम करते आहे. त्यात सुटी गाणी नाहीत. पहिल्या उड्डाणापासून चंद्रापर्यंतचा एकच प्रवास आहे, आणि तो लोकांनी जपलेल्या जुन्या आवाजांतून उभा राहतो. नवी पेठेतल्या एका जिन्यावर शिवानंद यांचा स्टुडिओ आहे. तिथे आम्ही तिघी गेलो. तिघी, कारण म्हातारी मायाक्का मला एकटीला कुणाच्या हाती देईना.

शिवानंद यांनी थोडे ऐकले आणि बटण थांबवले. "मॅडम, मेंढरं काढून टाकू या की. सातचा आकडा तर नाहीच. आणि शेवटी यान पडतंय! पडलेलं कशाला घ्यायचं? लोक हसतील. यशस्वी झालेली घेऊ."

प्रियदर्शनी घुटमळली. "आज्जी, काढू या का गं?"

मला ओरडावेसे वाटले. पण कॅसेटीला ओरडता येत नाही, वाजता येते. "शेवटपर्यंत तरी ऐकू," असे म्हणून प्रियदर्शनीने बटण दाबले आणि मी वाजले. यान पडले. रेडिओ बंद झाला. आणि तरण्या मायाक्काचा आवाज आला, "पडलं व्हय वो? मग पुसा की त्ये. गानी तरी भरा."

मग येडूबा बोलला. "पुसायचं न्हाय. मेंढरू कमी भरलं, तर त्येचा आकडा गाळतो का आपुन? धरूनच मोजायचं. उद्या हुडकत्याल की ती यान सोडनारी मानसं."

मायाक्काने तोंडाला पदर लावला. "म्याच म्हनले व्हते गं पुसा म्हनून," ती म्हणाली. डोळे पुसून मग ठणकावून बोलली, "पुन्यांदा लाव. मोजनीपास्नं."

फीत मागे गेली. दहा, नऊ, आठ. माझा सांधा आला. त्या रिकाम्या जागी मायाक्का मोठ्याने म्हणाली, "सात!"

शिवानंद यांनी मुकाट्याने तिच्यापुढे माइक सरकवला.

आता त्या अल्बमची सुरुवात माझ्यापासूनच होते. दहा, नऊ, आठ रेडिओचे, सात मायाक्काचा. पाठीमागे मेंढरे आहेत, पडलेले यान आहे, येडूबा आहे. काहीही काढलेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा फसलेला, खरखरीत आवाज असेल. तो पुसण्याआधी शेवटपर्यंत ऐका. पडलेल्याला धरूनच मोजा. आणि मला स्वच्छ करायला कोणी पुन्हा आलेच, तर आधीच सांगून ठेवते: मला अजून गुंता करता येतो.