लिम्बर्टच्या हाताचे आकडे

चार हजार मीटर उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण बटाटा शिजायला तासभर लागतो.

गुरुवारच्या बाजारात एका बाईकडे फक्त डाव्या पायाचे बूट मिळतात. उजवे रविवारी येतील, असं ती सांगते. तीन वर्षं झाली.

गाडी उलटली तेव्हा लिम्बर्ट चालवत नव्हता. मागून दुसऱ्या सीटवर झोपला होता.

प्लास्टिकचं पातं तुटतं ते बहुतेक वेळा टोकापासून बोटभर आत.

सेहाच्या चौकात हॉर्न वाजवून रस्ता मिळत नाही. खिडकीतून हात बाहेर काढावा लागतो.

बिअर वाळते. पण जात नाही.

*

फेर्मिन सिन्यानीने एल आल्तो शहरात एकतीस वर्षं मिनीबस चालवली. जुलैत ओरुरोच्या रस्त्यावर दुसऱ्याच कुणाची तरी गाडी उलटली आणि त्याचा मुलगा गेला. लिम्बर्ट सव्वीस वर्षांचा होता. ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोने, आसुंताने, मुलाचे कपडे धुतले, घड्या घातल्या आणि तिच्या बहिणींकडे वाटून टाकले. सगळं वाटून झाल्यावर पलंगाखाली एक पेटी राहिली. पेटीत ड्रोन, रिमोट आणि डोळ्यांवर बांधायचा जाड चष्मा.

"याचं काय करू?" तिने विचारलं.

"ठेव."

"कोण उडवणार? मी?"

गुरुवारी फेर्मिन पेटी उचलून बाजारात गेला. येसेनिया पोमाचं तिथे दुकान होतं, म्हणजे चार बांबू, एक निळी ताडपत्री आणि खाली ड्रोनच्या मोटारी, तारा, स्क्रू. लिम्बर्ट तिच्याबरोबर उडवायचा. तिने पेटी ओळखली.

"बसा काका. विकायचाय?"

"शिकायचंय."

येसेनियाने हातातली डाग द्यायची सळई खाली ठेवली. "तुम्हाला?"

"एकतीस वर्षं गाडी चालवली मी."

"काका, मिनीबस वरून खाली पडत नाही."

"तू माझे ब्रेक बघितले नाहीस कधी."

ती हसली. मग रिमोट हातात घेऊन त्याच्या दोन्ही दांड्या अंगठ्यांनी हलवून बघितल्या, आणि हसायची थांबली.

*

शिकणं असं झालं.

आधी ड्रोन पेटीतच. रिमोट लिम्बर्टच्या जुन्या लॅपटॉपला जोडायचा आणि पडद्यावरच्या खोट्या मैदानात खोटा ड्रोन पाडायचा. डावा अंगठा उंची सांभाळतो. ती दांडी सोडली तरी आपोआप मध्ये येत नाही, आणि हे कळायलाच फेर्मिनचे दोन आठवडे गेले. भिंत समोर आली की त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा.

"म्हाताऱ्या, चटई फाटली तुझ्या ब्रेकनं," आसुंता म्हणायची.

मग तळहाताएवढा ड्रोन, येसेनियाचा, घरातल्या घरात. तो पडद्यात अडकला, सूपमध्ये पडला, आसुंताच्या टोपीवर बसला. टोपीवर बसला तेव्हा ती ओरडली नाही. काढू नकोस, थांब जरा, एवढंच म्हणाली, आणि आरशासमोर जाऊन बघून आली.

मग पाती बदलणं. दोन पाती उजवीकडे फिरणारी, दोन डावीकडे. चुकली तर यंत्र जागच्या जागी उलटं होतं. मग तार जोडणं, कथिलाचा थेंब चकचकीत आला पाहिजे, मळका आला तर पुन्हा. मग बॅटऱ्या: पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, फुगली तर घरात ठेवायची नाही.

डिसेंबरात येसेनिया म्हणाली, "आता मोठा काढा."

*

लिम्बर्टचा ड्रोन रिओ सेकोच्या मागच्या फुटबॉलच्या मैदानात उडाला. खेळायला कुणी नव्हतं. दोन कुत्री होती आणि भरपूर ऊन.

"आधी आकडे थोडे कमी करते," येसेनिया म्हणाली. "तुमच्यासाठी फार तिखट आहे हा."

"कसले आकडे?"

तिने समजावलं. ड्रोनच्या पोटात एक बोर्ड असतो. दांडी किती हलवली की यंत्राने किती वळायचं, हे त्यात आकड्यांनी भरून ठेवलेलं असतं. प्रत्येकाचे आकडे वेगळे. इंटरनेटवर मिळतात ते समुद्राकाठच्या पोरांचे, जाड हवेतले. ते इथे घातले तर यंत्र हवेत घसरतं, दारू प्यायल्यासारखं. लिम्बर्टने एक वर्ष घालवून इथल्या विरळ हवेचे आकडे काढले होते. रोज एक बदलायचा, उडवायचा, पुन्हा बदलायचा.

"राहू दे तसेच," फेर्मिन म्हणाला.

त्याने चष्मा बांधला. ड्रोन वर गेला, गोलपोस्टच्या वर, विटांच्या घरांच्या वर, आणि फेर्मिनने पहिलं वळण घेतलं. दांडी थोडी ढकलली. यंत्र जेमतेम कलंडलं. आणखी ढकलली, अजून मऊच. मग शेवटच्या पाव इंचात यंत्र एकदम, सगळंच्या सगळं, वळलं.

फेर्मिनला हे वळण ठाऊक होतं.

लिम्बर्ट सोळाचा असताना फेर्मिननेच त्याला मिनीबस शिकवली होती. पोरगं वळणावर उशीर करायचं. स्टिअरिंग नुसतं हलवत राहायचं आणि शेवटी झटक्यात फिरवायचं. मागच्या बायका शिव्या द्यायच्या. "आधीपासून वळ रे गाढवा," फेर्मिन शंभर वेळा म्हणाला असेल. "पोचतो ना पप्पा," पोरगं म्हणायचं. आणि पोचायचं.

ते गाढवपण बोर्डात भरलेलं होतं. यंत्र फेर्मिनच्या अंगठ्याखाली होतं, पण वळत होता लिम्बर्ट.

खाली उतरल्यावर त्याने चष्मा बराच वेळ काढला नाही. येसेनिया कुत्र्यांना पावाचा तुकडा टाकत बसली.

*

"काका, आकड्यांची कॉपी काढून ठेवते."

"नको."

"दोन मिनिटांचं काम आहे. लॅपटॉप जोडायचा, फाइल काढायची, झालं."

"हात लावायचा नाही त्याला."

"कॉपी काढल्यानं काही बदलत नाही!"

"तू म्हणतेस. बिल्या फातिमा भागातला मेकॅनिकही म्हणाला होता, नुसतं उघडून बघतो. माझा क्लच पुन्हा कधी तसा झाला नाही."

"हा क्लच नाहीये."

"तुझ्यासाठी."

येसेनियाने हात टेकले. जानेवारीभर फेर्मिनने तिला कॅमेरा बदलू दिला, कारण जुना उन्हात आंधळा व्हायचा. अँटेना बदलू दिली. मोटारीखालचा मोडलेला एक दांडा बदलून जाड बसवू दिला. बोर्डाला नाही. ती स्क्रू पिळत असताना तो समोर उभा राहायचा, ऑपरेशनच्या खोलीबाहेर राहतात तसा, फक्त आत.

रोज सकाळी एक बॅटरी. सहा मिनिटं. आसुंता विचारायची, "भेटला?" आणि तो म्हणायचा, "उशिरा वळतो अजून."

एकदा तीही गेली. चष्मा बांधून स्टुलावर बसली, टोपी मांडीवर. उडवत फेर्मिन होता, बघत ती. तिसऱ्या वळणाला तिने स्टूल घट्ट धरलं. "हळू रे," ती म्हणाली, आणि ते फेर्मिनला उद्देशून नव्हतं.

*

कार्निवलच्या मंगळवारी चाल्ला असतो. वर्षभर ज्याने पोट भरलं त्याला पाजायचं. जमिनीला, भिंतींना, चुलीला, यंत्रांना. त्या वर्षी घरात दुखवटा म्हणून बँडच्या मागे कुणी नाचायला गेलं नाही, पण चाल्ला चुकवत नाहीत. आसुंताने शिलाई मशीनला कागदी झिरमिळ्या बांधल्या. घराच्या चार कोपऱ्यांत डब्यातलं अल्कोहोल शिंपडलं, पिवळ्या पाकळ्या टाकल्या. फेर्मिनने मिनीबसच्या आरशांना फुगे बांधले, बाटली हलवली, तोंडावर अंगठा धरला आणि बोनेटवर, चारी चाकांवर बिअरचा फेस उडवला.

मग त्याने आतून ड्रोन आणला. अंगणातल्या विटांवर ठेवला. मोटारींच्या चारी दांड्यांना एकेक झिरमिळी.

"यालाही?" आसुंताने विचारलं.

"गाडीच आहे ती."

"हो. गाडीच आहे."

त्याने नवी बाटली उघडली. पहिला घोट जमिनीला, पाचामामाला. मग अंगठा धरून ड्रोनवर. फेस दांड्यांवरून ओघळला, मोटारींत शिरला, मधल्या उघड्या पोटात गेला.

"पाचामामा, याला सांभाळ. पडू देऊ नको," फेर्मिन म्हणाला. आणि आसुंता म्हणाली, "वळताना सांभाळ."

मिनीबसला बोनेट असतं. ड्रोनला नसतं. एवढी साधी गोष्ट एकतीस वर्षं बोनेट पुसणाऱ्या माणसाच्या डोक्यात आली नाही. त्याने रुमालाने ड्रोन पुसला, उन्हात ठेवला. बुधवारी फिरवून फिरवून ठेवला. गुरुवारी कोरडा ठणठणीत होता. मैदानात नेऊन बॅटरी लावली.

आवाज मोठा झाला नाही. काडी मोडावी तेवढा. आधी जळक्या साखरेचा वास आला, मग प्लास्टिकचा.

*

"पाणी गेलं का आत?" येसेनियाने भिंग लावून विचारलं.

"नाही."

"काका."

"बिअर."

"बिअर?"

"मंगळवारी."

तिने भिंग खाली ठेवलं. "अल्कोहोल का नाही घातलंत? अरे देवा. अल्कोहोलनं तर मी रोज बोर्ड धुते! उडून जातं ते. काही झालं नसतं."

"अल्कोहोल घराला. गाडीला बिअर."

येसेनियाला हसू फुटलं. मोठ्याने हसली ती, शेजारची जुन्या रेडिओंची म्हातारी वळून बघेपर्यंत. आणि मग तिच्या लक्षात आलं की बोर्ड गेला म्हणजे काय काय गेलं. तिने तोंडावर हात ठेवला, हाताला कथिल लागलं होतं तरी.

"निघतील का आकडे?" फेर्मिनने विचारलं.

"चिप जळलीय, काका."

"थोडे?"

"थोडे नसतात."

शेजारच्या म्हातारीने रेडिओ लहान केला.

*

नवा बोर्ड बसवला. तसलाच. मोटारी वाचल्या होत्या.

येसेनियाने आठवून आठवून आकडे घातले. मध्ये मऊ, टोकाला तिखट, हे तिला माहीत होतं. किती मऊ, किती तिखट, ते नव्हतं. मैदानात फेर्मिनने चष्मा बांधला, एक वळण घेतलं, उतरवला.

"हा तुझा हात आहे," तो म्हणाला.

तिने बदलले.

"आता कुणाचाच नाही."

पुन्हा बदलले. सलग चार रविवार. एकदा, मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात, एका वळणावर तो आला. फेर्मिन ओरडला, "हेच! हेच!" आणि पुन्हा तिथून गेला तर नव्हता. वाऱ्याचा झोत असावा.

त्या संध्याकाळी आसुंता बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "फेर्मिन, तू बाटली ठेवायला आत गेलास ना मंगळवारी. तेव्हा मीपण ओतली."

तो उभा राहिला.

"तुझ्याहून जास्त. अर्धी बाटली. मला वाटलं, आईनंही पाजावी." तिने बटाटा पाण्यात टाकला. "तुझ्यानं गेला नाही तो. माझ्यानं गेला."

"माझ्यानंही जळलाच असता," फेर्मिन म्हणाला. तो खाली बसला आणि दुसरी सुरी घेऊन सोलू लागला. त्याने साल जाड काढलं, आणि रोज टोकणाऱ्या आसुंताने आज टोकलं नाही.

*

पाचव्या रविवारी येसेनिया लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाली, "काका, आता मी नाही आठवत बसणार. तुम्ही सांगा. तुम्हाला कसा हवा?"

"मला?"

"उडवणारे तुम्ही."

फेर्मिनने रिमोट मांडीवर ठेवला.

"आधीपासून वळायला पाहिजे," तो म्हणाला. "हळूहळू. मागच्या माणसांना कळायच्या आत वळण संपलं पाहिजे."

तिने आकडे घातले. त्याच्यासमोर कॉपी काढली, दोनदा, आणि या वेळी तो अडवायला आला नाही. ड्रोन वर गेला. गोलपोस्टला वळसा घातला, विटांच्या घरांच्या रांगेवरून गेला, टाकीला वळसा घालून परत आला. कुठे हिसका नाही, कुठे घसरणं नाही. पुढे मागे सगळ्या सीट भरलेली मिनीबस असती तरी कुणाची झोप मोडली नसती.

सहा मिनिटांची बॅटरी होती. त्याने दोन मिनिटांत उतरवला.

"मस्त उडतोय," येसेनिया म्हणाली.

"हो," फेर्मिन म्हणाला. "मस्त उडतोय."

त्याने बॅटरी काढली, पाती पुसली, एक एक करून चारही, आणि पेटी बंद केली.

जुलैत लिम्बर्ट ओरुरोला निघाला होता तो या ड्रोनसाठी चार मोठ्या मोटारी आणायला. त्या बसवल्या की जुने आकडे पुसून नवे घालावे लागतात.