सातव्या ओळीतला ठिपका

"शेळीनं गाभ टाकलाय, पिरिया. असल्या दुधाला येडाईचा कोप असतुय. लेकराच्या तोंडी लावू नगंस."

तामलवाडीतल्या आमच्या शेजारीण धुरपदाअक्का असं म्हणाल्या, तेव्हा मी हसले होते.

"अक्का, कोप-बीप काही नसतं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेय मी."

"मग पुस्तकातल्या शेळीची धार काढ की!"

तरी मी पेला पुढं केलाच. तीन वर्षांची श्रिया काडीसारखी होती. धारोष्ण दूध अंगी लागतं, असं माझी आई म्हणायची. मला लहानपणी तिनं तेच पाजलेलं. म्हणजे एक समजूत मी हसून उडवली आणि दुसरी, फेसासकट, लेकीच्या ओठाला लावली. आठवडाभर, रोज सकाळी.

महिन्यानं ताप आला. दिवस कलला की चढायचा, पहाटे घामानं झबलं भिजवून उतरायचा, जणू कुणी रोज येऊन बसतंय आणि न बोलता निघून जातंय. टायफॉइड निघाला नाही. सोलापूरच्या दवाखान्यात रक्तातले जंतू वाढवायला ठेवले, त्यातही बरेच दिवस काही उगवलं नाही.

"दूध कुठलं देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"रतीबाचं. गाईचं."

"उकळून?"

"हो."

खोटं काहीच बोलले नव्हते. पेल्याबद्दल तेवढं बोलले नव्हते.

माझी कॉलेजची मैत्रीण भैरवी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आहे. डॉक्टरांच्या संमतीनं श्रियाचं थोडं रक्त तिच्याकडं गेलं. तिथं नखाएवढ्या काचेवर शेकडो ठिपके असतात आणि एकेका ठिपक्यावर एकेका जंतूच्या डीएनएचा, त्याच्या ओळखीचा, तुकडा चिकटवलेला असतो. रक्तातल्या जंतूचा डीएनए वेगळा काढायचा, त्याचे तुकडे वाढवायचे, त्यांना चमकणारा रंग लावायचा आणि काचेवर सोडायचे. ज्याला आपला जोडीदार सापडतो तो तिथंच बिलगतो. बाकीचे धुऊन जातात. मग जो ठिपका उजळेल, ते जंतूचं नाव.

त्या दुपारी श्रियाच्या खाटेशी बसल्या बसल्या माझा डोळा लागला. आमच्या गल्लीत दिवस मावळत होता. रानातून शेळ्या परतत होत्या, पण खाली माती नव्हती, काच होती, आणि खुरांचा आवाज येत नव्हता. दावणीची करडं सुटली. एवढ्या काळ्या शेळ्यांत एकही करडू चुकलं नाही; जे ते आपल्याच आईच्या कासेला लुचलं, आणि लुचलं तिथं उजेड झाला. एकच शेळी मोकळी उभी होती, कान पांढरे. माझ्याकडं बघत होती. मागून श्रिया धावत आली, मला ओलांडून तिच्याकडं गेली.

फोन वाजला.

"ब्रुसेला," भैरवी म्हणाली. जनावरांना गाभ टाकायला लावणारा, त्यांच्यापासून माणसात येणारा जंतू. "रडू नकोस बाई, औषध आहे याला."

"जात कुठली?"

"जात घेऊन काय करतेस? औषध तेच."

"गाय की शेळी, सांग ना गं."

गाय म्हण, मी मनात म्हणत होते. रतीबवाल्याची गाय म्हण.

"सातवी ओळ. गाईच्या जातीचा ठिपका काळा आहे. शेजारचा हिरवागार पेटलाय. शेळ्यामेंढ्यांतली."

डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करून खात्री केली. मग मी पेल्याचं सांगितलं, शेळीनं गाभ टाकल्याचंही. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ते मेलेलं करडू कुणी उचललं?"

मला दिसलं. उघडे हात, खोचलेला पदर. कडुलिंबाखाली खड्डा काढून अक्का त्याला निजवत होत्या आणि पाठीवरून हात फिरवत होत्या, जिवंत असल्यासारखा. ते भिंतीपलीकडून मीच पाहिलं होतं. आणि परवा-परवा त्या म्हणाल्या होत्या, "कंबर धरलीय बग. सांजंला अंगात कसकस. वय झालं, दुसरं काय?"

श्रियाचा ताप आता उतरलाय. औषधानं लघवी केशरी होते, तिला त्याचं फार कौतुक. सहा आठवडे एकही डोस चुकवायचा नाही, म्हणून मी तिच्यापासून हलत नाही. अक्कांच्या दाराला कुलूप आहे. कोप निवावा म्हणून शेळी घेऊन त्या येडाईच्या देवळाला, येरमाळ्याला गेल्यात, पाच मंगळवार राहणार. फोन वापरत नाहीत. श्रियाचे बाबा रविवारी जाऊन आले, गर्दीत दिसल्या नाहीत.

तुम्ही येरमाळ्याला जात असाल, तर डोंगराच्या पायऱ्यांशी जरा बघा. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण, सोबत पांढऱ्या कानांची काळी शेळी. संध्याकाळी अंग तापतं का, विचारा. वय झालं म्हणतील, ऐकू नका. दवाखान्यात न्या आणि करडाचं आठवणीनं सांगा. आणि त्या कोपाचं बोलल्या, तर कृपा करून हसू नका.