एक घोट

बाटलीचं झाकण काढताच तिनं तोंड फिरवलं. कुजक्या अंड्यांसारखा वास सगळ्या प्रयोगशाळेत पसरला. समोर बसलेल्या पुढाऱ्यानं मात्र नाकाला हातसुद्धा लावला नाही.

विद्यापीठात सगळे त्याला पुढारीच म्हणत. वसतिगृहातल्या गढूळ पाण्याविरुद्ध तो तीन दिवस उपाशी बसला होता, आणि ती त्याच्या उशाशी. पुढे तिला पाणी तपासायची नोकरी लागली. तो रंगाच्या कारखान्यात जनसंपर्क अधिकारी झाला. बाटलीतलं पाणी त्याच कारखान्याशेजारच्या वस्तीतल्या विहिरीचं होतं.

"अहवालातला एक आकडा तर खाली आणायचाय," तो म्हणाला. "तुझ्या साहेबांची हरकत नाही. तुझ्या सहीपाशी घोडं अडलंय."

"वस्तीतल्या पोरांच्या अंगभर फोड आलेत रे."

"पोरांना फोड येतच असतात."

तिला शिसारी आली. तिनं पेल्यात बोटभर पाणी ओतलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"घोटभर पी. करते सही."

तो चिडेल, निदान लाजेल तरी, असं तिला वाटलं होतं. त्यानं पेला उचलला, डोळे मिटले आणि पाणी घशाखाली लोटलं. "अरे, वेडा आहेस का!" असं ती ओरडेपर्यंत पेला रिकामा झाला होता.

पुढच्याच क्षणी तो बेसिनकडे धावला आणि भडाभडा ओकला. तिनं त्याची पाठ चोळली, चूळ भरायला चांगलं पाणी दिलं. धापा टाकत तो म्हणाला, "प्यायलो ना? आता कर सही."

तिचा हात त्याच्या पाठीवरून आपसूक खाली आला.

"नाही."

"शब्द फिरवतेस?"

"फिरवते. तू पिणार नाहीस, एवढाच तुझ्यावर भरवसा उरला होता."

"साहेब तुला इथे ठेवायचे नाहीत."

"आधी डॉक्टरकडे जा."

तो तोंड पुसत निघाला. जिन्यात त्याचा फोन वाजला. "झालंच समजा, सर!" सभा गाजवणारा तोच खणखणीत आवाज वरपर्यंत आला.

तिनं आला तो आकडा अहवालात लिहिला, खाली सही केली. मग ती बेसिनपाशी गेली. सफाईच्या मावशी फिनेल घेऊन लगबगीनं आल्या.

"अहो मॅडम, राहू द्या. मी करते ना."

"नको मावशी. माझ्या मित्राचं आहे," ती म्हणाली आणि बाह्या वर सारून घासायला लागली.