किनाऱ्यावरचा घास

जहाजातून किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीत बसायच्या आधी बुटांचे तळवे ब्रशनं घासायचे, खिसे उलटे करून दाखवायचे, पिशवीतला बिस्किटाचा चुरासुद्धा झटकायचा. आमच्या पुण्याजवळच्या चिखलीत मला कुणी खिसे उलटे करायला सांगितले असते तर त्याची मी चांगली हजेरी घेतली असती. पण ते अलास्का होतं, तिथं आपलं कोण ऐकतंय. हाना नावाची उंच पोरगी आमची गाईड होती. ती हसत हसत एकेकाचे खिसे बघत होती. माझे बघितले, माझ्या मुलीचे, वर्षालीचे बघितले, आमच्या ह्यांचे बघितले. ह्यांच्या डोक्यावर कानटोपी होती, तिच्याकडे मात्र तिनं लक्ष दिलं नाही. कानटोपीत कुणी काय लपवेल असं तिला वाटलं असणार. तिचा काय दोष.

माझ्याही डोक्यात आलं नाही. त्याआधी दुपारी जेवताना हे कानटोपी काढेनात तेव्हा मी म्हटलं, जहाजात एवढी ऊब आहे, काढा की. तर माझ्यावर वस्कन ओरडले. मला वाटलं, आज ज्ञानाची तिथी आहे, माणसाचं डोकं ठिकाणावर नसेल.

ज्ञाना म्हणजे ज्ञानेश, आमचा धाकटा. चाकणला कंपनीत होता. शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवरून घरी येताना नाशिक रस्त्यावर कंटेनरखाली गेला. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सगळे लांब सरकून उभे. अशा वेळी गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल ती बोलून दाखवतात, शब्द देतात, तसं एकेकानं दिलं. ह्यांनी सांगितलं, आमची काळजी करू नको बाबा. कावळा आला नाही. माझ्या बहिणीनं त्याच्या आवडीची तिखट शेव पिंडाशेजारी ठेवली. आला नाही. उन्हं डोक्यावर आली तशी वर्षाली रडत पुढं झाली आणि म्हणाली, "ज्ञाना, तुझी अस्वलांची ट्रिप आम्ही करू. तुझ्या वतीनं आम्ही बघून येऊ."

पोराला प्राण्यांचे व्हिडिओ बघायचा भारी नाद होता. एका हातात घास, एका हातात मोबाइल. उत्तरेकडचा समुद्र, बर्फाचे डोंगर, नदीत उभी राहून मासे पकडणारी अस्वलं. "आई, लहान जहाजातून नेतात, रोज शिकवतात, मग किनाऱ्यावर उतरवून दाखवतात. मी एकदा जाणारच." मी म्हणायची, आधी लग्न कर, मग दोघं जा.

तर तेही सांगून झालं, तरी कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि म्हणाले, झालं. भटजींचं झालं. ह्यांचं झालं नाही.

त्या दिवसापासून ह्यांची झोप गेली. आमच्या लहानशा वर्कशॉपच्या शेडमध्ये पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर बसले तरी नजर दारातून बाहेर, आभाळाकडे. आमच्या भागात कावळे राहिलेत कुठं? जिकडं बघावं तिकडं पारवे. हे गच्चीच्या कठड्यावर रोज भाताचा घास ठेवायचे आणि पारव्यांना हाकलत बसायचे. जेवण तुटलं, अंगावरचं मांस गेलं. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या त्या ह्यांनी नाल्यात टाकल्या. मला धडकी भरली होती. पोरगा गेला तो गेला, आता हा माणूसही माझ्या डोळ्यांदेखत झिजून जाणार, असं मला दिसायला लागलं होतं.

म्हणून वर्षालीनं शब्द पाळायचं काढलं तेव्हा मी अडवलं नाही. ती वाकडला राहते, आयटीत आहे. वर्षभर खपून तिनं सगळं जमवून आणलं. पितृपंधरवड्यातच जहाज निघत होतं आणि ज्ञानाची तिथी नेमकी जहाजावर येत होती. ते कळल्यावर ह्यांच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी मी रंग बघितला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

जहाज कसलं, पोहणारी शाळाच म्हणा. नाचगाणी नाहीत, पत्ते नाहीत. रोज एका खोलीत सगळ्यांना बसवून पडद्यावर चित्रं दाखवायचे आणि हाना समजावून सांगायची. वर्षाली आमच्या मधे बसून हळू आवाजात मराठीत सांगायची. बाहेर मात्र मला मुळीच करमायचं नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, पाण्यापर्यंत उतरलेलं काळं जंगल, आणि त्यावर धुकं. घर नाही, दिवा नाही, कुत्र्याचं भुंकणं नाही. इंजिन बंद केलं की इतकं शांत व्हायचं की माझ्या कानात दडे बसायचे. तीस वर्षं प्रेसच्या धाडधाडीत काढलेली बाई मी. मला ती शांतता चांगली वाटली नाही.

किनाऱ्यावर उतरायच्या आदल्या दिवशी अस्वलांचा तास होता. हानानं सांगितलं की थंडी तोंडावर आली की अस्वल दिवसभर फक्त खातं, पुढं कित्येक महिने झोपायचं असतं म्हणून. किनाऱ्यावर अन्नाचा कणही नेऊ नका, असं तिनं परत परत बजावलं. माणसाच्या अन्नाची चव लागलेलं अस्वल माणसाला सोडत नाही, आणि मग त्याला मारावं लागतं.

ह्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "वर्षा, तिला इचार, इथं कावळे किती हायेत."

लोक हसले. हाना हसली नाही. तिला बरं वाटलं कुणीतरी पक्ष्याचं विचारलं म्हणून. तिनं डोमकावळ्यांचं चित्र लावलं आणि भरभरून बोलली. इथले डोमकावळे फार हुशार, म्हणाली. दुसरीकडे बंदुकीचा आवाज झाला की पाखरं उडून जातात, इथले डोमकावळे उलट आवाजाकडे येतात. शिकार पडली, आता आपल्याला मांस मिळणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मी ते ऐकलं. ह्यांनी ते ऐकलंच नाही. हे चित्राकडे बघत बसले होते, डोळे भरून आले होते, आणि स्वतःशीच म्हणत होते, "केवढाले कावळे हायेत गं."

तर तिथीच्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर उतरलो. काळे गोटे, मधून येणारी नदी, काठाला मेलेल्या माशांचा वास. पलीकडे छातीइतकं उंच गवत. हाना खांद्याला बंदूक अडकवून पुढं, दुसरा गाईड मागं, आणि मधे आम्ही सगळे घोळक्यानं. वाळूत एका जागी पंज्याचा ठसा होता. हानानं त्याशेजारी आपला हात ठेवून दाखवला. हात पिटुकला दिसला. ठशात अजून पाणी झिरपत होतं, म्हणजे ताजाच होता. सगळे एकदम हळू बोलायला लागले.

उंच सुरूसारख्या झाडाच्या शेंड्यावर एक डोमकावळा बसला होता. मी तो बघितला आणि लगेच वळून ह्यांच्या जागेकडे बघितलं. हे तिथं नव्हते.

मागच्या गाईडला बुटाची नाडी सुटल्याची खूण करून हे वाहून आलेल्या एका भल्यामोठ्या ओंडक्याआड गेले होते. मी तरातरा गेले. हे कानटोपी काढून गुडघ्यावर बसले होते. त्या थंडीत टकलावरून वाफ निघत होती. कानटोपीतून प्लॅस्टिकची पिशवी काढलेली, गोट्यावर सॅलडचं पान, पानावर जहाजातल्या भाताचा मुटका, वर चिखलीहून आणलेले काळे तीळ. हात जोडून हलक्या आवाजात म्हणत होते, "काव काव. ये बाबा ज्ञाना. तुझी अस्वलांची ट्रिप झाली, आता ये."

माझं डोकं फिरलं. "अहो, ती पोरगी घसा कोरडा करून सांगत होती आणि तुम्ही हे काय मांडलंय? उचला आधी ते." मी वाकले, तर ह्यांनी माझं मनगट धरलं.

"सुभद्रे, एकदाच. पाया पडतो."

तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्यापुढं असा आवाज काढला नव्हता. माझा हात तिथंच राहिला. आणि खरं सांगायचं तर आई होते मी त्याची. मीही वर बघितलं. शेंड्यावरचा तो डोमकावळा आमच्याकडे बघत होता, मान वाकडी करून, आणि जागचा हलत नव्हता.

तेवढ्यात गवत हललं. गवतातून अस्वलाचं पिल्लू बाहेर आलं. गावठी कुत्र्याहून जरा थोराड, तपकिरी, नाक वर करून वास घेत. ते सरळ भाताकडे निघालं.

आता इथं कुणीही शहाणा माणूस मागं सरला असता. पण ज्यानं वर्षभर गच्चीवर पारवे आणि मांजरं हाकलली, त्याच्या डोक्यात एकच होतं, की कावळ्याच्या आधी घासाला कुणाचं तोंड लागता कामा नये. घास उष्टा झाला की पोरगा परत अडकला. हे ताडकन उठले, "हाड्, हाड्" केलं, आणि आपण दारातल्या कुत्र्याला मारतो तसा खालचा गोटा उचलून मारला.

तो नाकावर बसला. पिल्लू केकाटलं.

त्याची आई कुठं होती ते मला दिसलं नाही. आवाज ऐकू आला, गवत मोडल्याचा, आणि मग ती गवताबाहेर होती, अंगावर येत. आमच्या शेडच्या दारात मावणार नाही एवढी. ह्यांना मागं ओढावं म्हणून मी शर्ट धरला तर हे घासापुढं दोन्ही हात पसरून उभे. मागून हाना ओरडत धावत आली. तिनं आधी हवेत बार काढला. अस्वलीण थांबली नाही. मग दुसरा बार झाला, मग तिसरा, आणि ती ओंडक्यापलीकडे कोसळली. तिच्या तोंडातून निघालेली वाफ मला दिसली, मग ती थांबली.

वर्षाली कुठूनतरी येऊन मला चिकटली होती. आणि त्या शांततेत पंखांचा आवाज आला. शेंड्यावरचा डोमकावळा खाली आला. जंगलातून दुसरा आला, तिसरा आला. पहिला ओंडक्यावर उतरला, त्यानं मेलेल्या अस्वलाकडे एकदा बघितलं, आणि पानावरच्या भातात चोच घालून मोठा घास उचलून नेला.

ह्यांनी तिथंच लोटांगण घातलं. "शिवला गं. सुभद्रे, शिवला. सुटलं माझं लेकरू."

पिल्लू आईच्या मानेत नाक खुपसून तिला उठवायला बघत होतं. हाना बंदूक बाजूला टाकून गोट्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

पुढचे दिवस आम्हाला जहाजातून उतरू दिलं नाही. अधिकारी आले, वर्षालीनं मान खाली घालून उत्तरं दिली. माझ्या पोरीला मी असं कधी बघितलं नव्हतं. त्या पिल्लाचं काय होणार, हे मी तिला विचारायला लावलं. हाना म्हणाली, ह्याच वर्षीचं आहे, आईशिवाय थंडी काढणार नाही. वर्षालीनं ते मला एकटीला सांगितलं. ह्यांना सांगू नको म्हटलं मी.

ह्या गोष्टीला वर्ष झालं. आमचे हे आता रात्रभर घोरतात. दोन भाकरी खातात, शेडमध्ये कामगारांना शिव्या घालतात. गल्लीत सगळ्यांना कौतुकानं सांगतात की तिथं हाक मारल्याबरोबर कावळा आला. शेजारचे किसनराव म्हणतात, पुण्यवान आहात. मी तोंडाला कुलूप लावून बसते. तो कावळा ज्ञानासाठी आला नव्हता हो, बंदुकीला आला होता, हे कितीदा जिभेवर येतं. पण सांगितलं तर हा माणूस परत गच्चीवर जाऊन बसेल, आणि ह्या वेळी उतरणार नाही. पोराला अस्वल बघायचं होतं. आम्ही त्याच्या नावानं अस्वल मारून आलो. हे मी कुणाला सांगू?

काल ज्ञानाची तिथी होती. हे आंघोळ करून, तीळ घातलेला भात घेऊन गच्चीवर आले. कठड्यावर घास ठेवला. मी मागं उभी. आभाळात एक पाखरू नव्हतं. "न्हाई आला तरी चालंल," हे हसून म्हणाले, "आपला तर कवाच शिवलाय."

तेवढ्यात खाली रस्त्यावर धाडदिशी आवाज झाला. बंदुकीसारखा. आणि कुठून आला कोण जाणे, एक मोठा कावळा कठड्यावर उतरला आणि घासाकडे चालायला लागला.

"बघ," ह्यांनी हात जोडले. "बघ, आला की."

मी कावळ्याकडे बघितलं नाही. कठड्यावर वाकून मी आधी रस्त्यावर बघितलं, कोण पडलंय ते.