पडद्यावरचा भोवरा

वेंडल स्ट्राउड आणि मी नौदलात असताना एकाच लढाऊ विमानातून उडायचो. तो पुढे बसून विमान चालवायचा. मी मागच्या सीटवरून रडार आणि विमानाच्या पोटाखालचा इन्फ्रारेड कॅमेरा सांभाळायचे. हा कॅमेरा उजेड बघत नाही, ऊब बघतो. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून बरंच आत, समुद्रावर सराव चालला असताना एका दुपारी माझ्या पडद्यावर काळा ठिपका आला. गरम ते काळं दिसावं, असं मीच लावून ठेवलं होतं. ठिपका भोवऱ्यासारखा होता, मध्ये फुगीर, टोकांना निमुळता, आणि ढगांवरून सरकत होता. बघता बघता तो कलला.

“अरे, हे काय आहे?” मी म्हणाले. “बघ, बघ, फिरतंय ते.” आणि शाळकरी पोरीसारखी खिदळले.

काही वर्षांनी त्या चित्रणातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कुणीतरी बाहेर फोडला आणि तो उडती तबकडी म्हणून जगभर पसरला. चित्रात फक्त एक ठिपका आहे. लोकांच्या अंगावर काटा येतो तो माझ्या आवाजाने.

तोवर वेंडल निवृत्त झाला होता. त्याला व्याख्यानांची आमंत्रणं येऊ लागली. मी तोच कॅमेरा वापरायला नव्या लोकांना शिकवत होते. एकदा सरावाचं चित्रण तपासत बसले होते. त्यात आमच्याच तुकडीचं दुसरं एक विमान कॅमेऱ्यापासून दूर चाललं होतं, आणि त्याच्या इंजिनांची धग थेट कॅमेऱ्यात येत होती. पडद्यावर विमान कुठे दिसतच नव्हतं. दिसत होता भोवरा. कॅमेरा ज्यावर फिरतो ती मान वळली, तसा तोही कलला.

मी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. पावसात गाडीची काच फडक्याने पुसली की समोरच्या दिव्याची लांब रेघ उमटते ना, तसंच होतं हे. रेघ दिव्याची नसते, काचेची असते. काच फिरवली की रेघ फिरते, दिवा जागच्या जागी. आमच्या चित्रणातही भोवरा कलला तो नेमका कॅमेऱ्याची मान वळली तेव्हाच.

मी वेंडलला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ते विमान होतं म्हणतेस?”

“तसं नाही म्हणत मी. फिरलं ती चकाकी होती, एवढंच म्हणतेय. चकाकीच्या मागे काय होतं, ते इतक्याशा तुकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.”

“मग शनिवारी ये. लोकांसमोर सांग. मी अडवणार नाही तुला.”

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. खुर्च्या कमी पडल्या होत्या. वेंडलची बायको ट्रूडी दारात लिंबाचं सरबत देत होती. मला बघून तिने मिठी मारली. वेंडलने चित्रण दाखवलं आणि म्हणाला, “पडद्यावरचं सोडा. मी हे काचेबाहेर, या डोळ्यांनी पाहिलंय.”

मी चमकले. तो त्या दिवशी काय बोलला होता, ते मला लख्ख आठवत होतं. “बाहेर मला काहीच दिसत नाहीये, कोरिन.” पण हे वाक्य मूळ लांब चित्रणात आहे, आणि ते नौदलाच्या कपाटात. मागितलं की दर वेळी एकच उत्तर येतं: देता येणार नाही.

मग त्याने मला पुढे बोलावलं. मी काचेचं, दिव्याचं, कॅमेऱ्याच्या मानेचं सगळं नीट उलगडून सांगितलं. मला वाटलं, चांगलं बोलले. मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला.

“बाई, त्या दिवशी तुम्ही आनंदाने ओरडताय. आज हे असं. तुमचं तोंड कुणी शिवलं?”

“कुणी नाही. तेव्हा मला कळलं नव्हतं, आता कळलं.”

“असं सांगायला सांगितलंय का तुम्हाला?” लोक हसले.

“त्यांची नोकरी आहे अजून,” एक बाई शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. “बिचारी.”

वेंडलने हात वर करून त्यांना गप्प केलं, पण तेव्हा मी खाली उतरले होते. माझे कान तापले होते. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, कीव कशाला करायची?

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला गाडीजवळ गाठलं.

“डोळ्यांनी कधी पाहिलंस रे तू?”

“म्हणजे काय? तेव्हाच. डावीकडे, जरा खाली.”

“कॅमेरा उजवीकडे रोखलेला होता, वेंडल. आणि ते डोळ्यांना दिसेल इतकं जवळ नव्हतं. आणि तू मला म्हणालास, बाहेर काही दिसत नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. मी ओळखते त्याला. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. सांगून सांगून त्याला ते खरोखर दिसायला लागलं होतं.

“मी तसं म्हणालो?” त्याने विचारलं.

“हो.”

“मला नाही आठवत.” त्याने गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं. “मला तर ते अजून दिसतं गं. उन्हात चमकणारं.”

मी घरी आले आणि रागारागाने अख्खं अंगण झाडून काढलं.

त्यानंतर अशा चित्रणांचा तपास करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल आला. आमच्या चित्रणाला त्यात एकच ओळ: माहिती अपुरी, निष्कर्ष नाही. तबकडी मानणारे म्हणाले, बघा, सरकारलाही उलगडलं नाही. न मानणारे म्हणाले, बघा, काही नव्हतंच. मी कॅमेऱ्याच्या मानेबद्दल पानंच्या पानं लिहून पाठवली होती. त्यातलं एक अक्षर नव्हतं.

पुढच्या व्याख्यानात मात्र वेंडलने ते वाक्य गाळलं. उलट म्हणाला, “मी बाहेर काही पाहिलं होतं की नाही, याची मला आता खात्री नाही.” मला वाटलं, सुटलो दोघं. आठवड्याच्या आत नवी बातमी पसरली: आधी मागच्या सीटवरच्या बाईला गप्प केलं, आता वैमानिकालाही. त्याची आमंत्रणं आटली, घरी नाही नाही ते फोन यायला लागले.

एक दिवस ट्रूडीचा फोन आला. “झालं समाधान?” ती म्हणाली. “तो दिवसभर पोर्चमध्ये बसून असतो. इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं, आपण काय पाहिलं ते. आता तेही राहिलं नाही.”

“ट्रूडी, मी खरं तेच...”

“खरं काय आहे मग? काय होतं ते?”

“माहीत नाही.”

“मग कशाला आलीस त्या हॉलमध्ये?” तिने फोन ठेवला.

त्या रविवारी मी न विचारता त्यांच्याकडे गेले. ट्रूडीने दार उघडलं आणि ती तशीच आत निघून गेली. वेंडल पोर्चमध्ये उकडलेले खेकडे हातोडीने फोडत बसला होता. त्याने पायाने एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“परत अर्ज करूया,” तो म्हणाला. “त्या लांब चित्रणासाठी. दोघांच्या सह्यांनी.”

“नाही म्हणतील.”

“म्हणू देत,” असं म्हणून त्याने लाकडी हातोडी माझ्या हातात दिली.