पिंजऱ्याचं माप

"बाबा, शर्यतीत गाडी मी का नाही चालवायची?"

हे असं तोंडावर विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती. मधल्या सुट्टीत चष्मिश म्हणाली, "चार महिने आमच्या कानाशी ब्रेक आणि स्प्रिंगचं पुराण लावलंयस, आणि शेवटी मिरवणार तुझा दादा. असली कसली गं तू?" बडबडी म्हणाली, "जाऊ दे गं, हिला घरात तोंड नाही. सगळा आवाज इथेच." मी म्हटलं, आजच विचारते, आणि काकासमोर विचारते. काकासमोर हे मीच वाढवून सांगितलं. एकदा सुटले की मला धरबंध राहत नाही.

तर शुक्रवारी शाळेतून आमच्या गॅरेजमध्ये आले, दप्तर बाकावर टाकलं आणि विचारलं. बाबा गाडीखाली होते, फक्त पाय दिसत होते. पाय थांबले. काका स्टुलावर चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

"तू चालवायला बसलीस तर गाडीकडे बघणार कोण?" गाडीखालून आवाज आला.

"दादा बघेल."

यावर दोघंही हसले. दादाला स्टेपनी बदलायला अर्धा तास लागतो, हे आमच्याकडे जगजाहीर आहे. मग काका म्हणाला, "तू दारावर नंबर रंगव. अक्षर छान आहे तुझं."

त्या क्षणी माझ्या हातात सतरा नंबरचा पाना होता. तो मी हळूच खाली ठेवला, हे माझ्या सभ्यपणाचं उदाहरण म्हणून नोंदवून ठेवावं.

ही गाडी म्हणजे अठरा वर्षांची छोटी गाडी, मागून कुणीतरी ठोकलेली. भंगारवाल्याकडून बाबांनी ती आणली, कारण इंजिन शाबूत होतं आणि आमच्या खिशाला तेवढंच झेपत होतं. डोंगररस्त्याची शर्यत वर्षातून एकदा असते. त्या दिवशी रस्ता बाकीच्यांना बंद, आणि गाड्या एकेक करून घड्याळाशी स्पर्धा करत वर जातात. अकरा किलोमीटर, एकवीस वळणं. मोठ्या गॅरेजांच्या गाड्या बाहेरून तयार सामान मागवून बनतात. आमचं गणित सोपं होतं. इंजिनाची ताकद विकत घेता येत नाही, मग वजन फेकून द्यायचं.

फेकलं कुणी? मी. मागची सीटं, गालिचे, दारांचे आतले पत्रे, काचा वरखाली करायचं यंत्र. गाडीच्या तळाला आवाज दाबण्यासाठी डांबराचा जाड थर चिकटवलेला असतो, तो मी गुडघ्यांवर बसून अकरा दिवस खरवडला. साडेनऊ किलो निघाला. मागच्या काचेऐवजी प्लॅस्टिकचा पत्रा कापून बसवला. सगळ्या वायरी सोडवून फक्त लागतील तेवढ्याच पुन्हा ओढल्या. शाळेत माझ्या नखांकडे बघून बाई म्हणाल्या, "तुझ्या घरी साबण नसतो का?" मी म्हटलं, "असतो, पण तो दादा वापरतो."

दादा कॉलेजच्या वसतिगृहात राहतो. महिन्यातून एकदा यायचा, दारात उभा राहून चहा प्यायचा आणि "भारी" म्हणायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फक्त हा नागोबा बिळाकडे बघायलाही वाकत नव्हता.

आणि बाबांची कामाची एक पद्धत आहे. टेप लावून काम करणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही. "गाडी माणसाला बसायला हवी, कागदाला नाही," म्हणतात. सीट बसवायचं तर माणूस बसवून, पेडल वाकवायचं तर माणसाचा पाय ठेवून. माणूस म्हणजे मी, कारण हाताशी मीच होते. "दोन मिनिटं बस गं," अशी हाक आली की मी जाऊन बसायची. दोन मिनिटांचे दोन तास व्हायचे. काका माझ्या डोक्यावर हेल्मेट घालून वर चार बोटं धरायचा आणि बाबांना सांगायचा, "इथे."

ही चार बोटं पिंजऱ्यासाठी. पिंजरा म्हणजे आतली लोखंडी चौकट. गाडी उलटली तर छत चेपून चालवणाऱ्याच्या डोक्यावर येऊ नये म्हणून. डोक्यामागची मोठी कमान एकाच पाइपला वाकवून करावी लागते. त्यात जोड चालत नाही, तसा नियमच आहे. आमच्या सगळ्या गाडीत सगळ्यात महाग वस्तू कुठली असेल तर तो पाइप. आणि सीटही आम्ही पुढेमागे सरकणारं ठेवलं नव्हतं. सरकपट्ट्यांचं वजन वाचवायला ते थेट तळाला बोल्टने आवळून टाकलं.

गाडी चालू झाल्यावर गोदामामागच्या रिकाम्या मैदानात रोज सकाळी मी ती चालवायची. बाबा मैदानाच्या मधोमध डोळे मिटून उभे राहायचे आणि नुसतं ऐकायचे. "तिसऱ्या गिअरला उशीर करतेस." "आता बरोबर." "उजवं मागचं चाक उचलतंय, पुन्हा फिरव." तीन आठवडे. शेवटी शेवटी ते काही बोलायचेच नाहीत, नुसती मान हलवायचे. मला वाटायचं, एवढं झाल्यावर बोलायचं काय उरलं? मूर्ख मी.

रविवारी दादा आला. त्याला पहिल्यांदा गाडीत बसवायचं होतं.

डावा पाय आत गेला. उजवा गेला नाही. मग तो बाहेर आला, आधी पाठ आत घातली आणि पाय ओढून घेतले. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले. काकाने हेल्मेट दिलं. ते घालताना 'ठक्' असा आवाज झाला. वरचा पाइप. दादाने मान डावीकडे कलती केली आणि तसाच बसून राहिला, कोंबून ठेवलेल्या घडीच्या खुर्चीसारखा.

"ठीक आहे?" बाबांनी विचारलं.

"समोरचं अर्धंच दिसतंय."

काका म्हणाला, "आयला."

बाबा दादाकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा दादाकडे. सोळा वर्षं मी त्यांच्यासमोर वाढलेय आणि मी दादाच्या खांद्याला लागते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. चार महिने दोन पुरुषांनी मिळून एक आख्खी गाडी माझ्या अंगावर बेतली होती, शिंप्याने झबलं शिवावं तशी, आणि दोघांच्याही डोक्यात एकदाही आलं नाही की आत बसलेली ही कोण आहे.

मला हसू फुटणार होतं, शप्पथ. वाटलं, आता तरी प्रश्न मिटला. गाडीनेच उत्तर दिलं.

बाबा म्हणाले, "कापू."

"काय कापू?" मी विचारलं.

"कमान. दोन्ही बाजूंनी कापून मध्ये चार इंचांचे तुकडे घालू. सीट मागे घेऊ. तू जरा दोन मिनिटं बस गं, खडूने खुणा करायच्यात."

आणि मी बसले. याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. राग डोक्यात पोचायच्या आधी अंग जाऊन बसलं. पाठ सीटमध्ये बरोबर टेकली, पाय पेडलवर गेले, स्टिअरिंग हातात आलं. डोक्यावर पाइपवर खडू घासल्याचा आवाज येत होता. मला या गाडीतून हटवण्यासाठी लागणारं माप माझ्याच डोक्यावरून घेत होते.

मी बाहेर आले आणि खडूची रेघ बाहीने पुसून टाकली.

"काय करतेस?"

"जोड चालत नाही. नियम आहे."

"दिसणार नाही," काका म्हणाला. "घासून घेतो, वर रंग मारतो. तपासणीवाल्याच्या बापालाही कळणार नाही."

"त्याच्या बापाला कळलं नाही तरी माझ्या बापाला माहितीये ना?" मी बाबांकडे वळले. "त्या टॅक्सीवाल्याचा ब्रेकचा पाइप जोडलेला निघाला तेव्हा तुम्ही त्याची किल्लीच काढून घेतलीत. दोन दिवस तो दारात येऊन शिव्या देत होता. काय म्हणाला होतात त्याला? जोडावर माझा भरवसा नाही."

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"कमान वेगळी, ब्रेक वेगळा. काका वेल्डिंग चांगलं करतो."

"मग नियम करणारे काय झोपेत होते? बाबा, गाडी माझ्या मापाची आहे. मला सोळा पूर्ण झालीत. फॉर्मवर पालकांची सही असली की सोळाव्या वर्षी चालतं, मी वाचलंय. तीन आठवडे मी चालवतेय ना?"

"ते फिरवणं झालं," बाबा म्हणाले. "मैदानात फिरवणं आणि शर्यतीत चालवणं यात फरक आहे."

"दादाने तर फिरवलीपण नाही."

"त्याला सवय होईल."

"मला झालीये, त्याचं काय?"

बाबांनी खडू उचलला. "डोकं खाऊ नकोस. बुधवारी फॉर्म द्यायचाय, त्याआधी वेल्डिंग व्हायला हवं." आणि पुसलेली रेघ त्यांनी पुन्हा ओढली. टेप न लावता. बरोबर तिथेच.

दादा नळापाशी मान चोळत उभा होता. मी त्याच्यावरच तुटून पडले. "तुला दिसत नाही, वळता येत नाही, तरी मूग गिळून बसलास?"

"मला विचारलंय का कोणी?" तो म्हणाला. "चार महिन्यांपूर्वी बाबा फोनवर म्हणाले, तुझ्यासाठी गाडी करतोय. मी म्हटलं, बरं. मला त्या रस्त्याचीच भीती वाटते. बसनेसुद्धा मला तिथे उलटी होते."

"मग सांग ना त्यांना."

"तू सांग. तुझं ऐकतात."

"माझं? आत्ता बघितलंस ना किती ऐकतात? आणि तुझं तोंड काय भाड्याने दिलंयस?"

तो पाण्याने मान ओली करत राहिला. खरं सांगते, त्याची दया आली असती, पण त्या दिवशी माझ्याकडे दया शिल्लक नव्हती.

घरी जाऊन मी फॉर्म काढला. बाबांच्या खणात तो कोराच पडला होता. चालकाचं नाव या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. काकाला जे आवडतं त्याच अक्षरात.

संध्याकाळी आई ड्यूटीवरून आली. आई हॉस्पिटलात प्लॅस्टरच्या खोलीत नर्स आहे. दिवसभर लोकांची मोडलेली हाडं धरून उभी असते, म्हणून घरी आली की पहिली दहा मिनिटं तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा घरचा नियम आहे. मी दहा मिनिटं घड्याळ बघत थांबले. मग जेवायच्या टेबलावर तिच्यासमोर आणि बाबांसमोर फॉर्म ठेवला.

आईने वाचला. "हे काय आहे? डोकं ठिकाणावर आहे का? मी रोज काय बघते ते तुला माहितीये."

"दादाच्या वेळी नाही आठवलं ते?"

"आठवलं. रात्रभर आठवतं. पण तो..." आई थांबली.

"तो काय?"

तिने फॉर्मवर हात ठेवला. मीही तो शब्द तिच्या तोंडून काढून घेतला नाही. तिलाच तो गिळताना त्रास होत होता, हे दिसत होतं.

मी म्हटलं, "बरं, ते राहू दे. मला फक्त एवढं सांग, कापलेल्या पाइपखाली दादाला बसवायला तू तयार कशी झालीस?"

"कापलेल्या म्हणजे?" आईने बाबांकडे बघितलं. "काय कापलंय?"

"अजून कापलं नाही," बाबा म्हणाले. "थोडं उंच करतोय. तांत्रिक बाब आहे, तुला कळणार नाही."

"हाड आणि जोड मला कळतो," आई म्हणाली. "नीट सांगा."

बाबांनी नीट सांगितलं. निम्मं ते बोलले, निम्मं मी. आई ऐकत होती आणि तिचा हात फॉर्मवर तसाच होता. शेवटी बाबा म्हणाले, "चार महिन्यांची मेहनत आहे. एवढ्यासाठी घरी ठेवू का गाडी? मुलाचं नाव चारचौघांत सांगून बसलोय मी."

चार महिन्यांची मेहनत. कुणाची, ते मी विचारणार होते. गुडघ्यावरची सालं अजून निघतायत माझ्या. पण मला एकदम कळलं की असं विचारून काही होणार नाही. मेहनत मोजून कुणी जागा देत नसतं. आणि हेही कळलं की मी आता जे बोलणार आहे त्याने बहुतेक गाडी गॅरेजमध्येच उभी राहील, आणि ती उभी राहिलेली मला रोज शाळेतून येताना बघावी लागेल. तरी मी खुर्ची मागे सारून उभी राहिले.

"आई, बाबा, मी ठरवलंय, ते ऐका. चालकाच्या रकान्यात माझं नाव आहे आणि ते मी खोडणार नाही. सही केलीत तर मी चालवीन, नीट चालवीन. सही केली नाहीत तर गाडी यंदा जाणार नाही, माझी हरकत नाही, मी रडणारसुद्धा नाही. पण काकाने ती कमान कापली आणि वर रंग मारून तुम्ही दादाला तिच्यात बसवलंत, तर तपासणीच्या दिवशी मी सकाळी सगळ्यात आधी तिथे जाऊन उभी राहीन आणि जोड कुठेकुठे आहे ते त्या माणसाला स्वतः बोट लावून दाखवीन."